आठव्या सोमवारचा कागद

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सराफ बाजाराच्या तोंडाशी एका माणसानं माझ्या अंगावर सायकल घातली, आणि वर मलाच म्हणाला, बाजूला व्हायचं ना.

सायकल एकटी नव्हती. तिच्या कॅरिअरवर झेंडूचं भलं मोठं पोतं होतं. आधी ते पडलं, मग त्याच्यावर मी पडले, म्हणून माझी हाडं शाबूत राहिली. पोतं उसवलं आणि रस्ताभर झेंडू झाला. येणारेजाणारे फुकटची करमणूक बघत उभे राहिले. एका आजीबाईंनी तर मला हात देण्याआधी दोन मुठी फुलं पदरात भरून घेतली.

हे अठ्ठ्याहत्तर साल. मी एकवीस वर्षांची, तोंडानं तिखट. देवळाली कॅम्पातून बाबांसाठी तिळाचं तेल आणि विहारासाठी फुलं न्यायला आले होते. मी साडी झटकली आणि त्याला विचारलं, ब्रेक काय शोभेला लावलेत का?

तो खाली बसून फुलं वेचत राहिला. सावळा, उंच, पायांच्या पोटऱ्या दगडासारख्या. मला आणखी दोन शब्द सुनावायचे होते, पण माझं लक्ष त्याच्या हाताकडे गेलं. पोत्याचं तोंड बांधायला त्यानं उजव्या हातात सुतळी धरली. ती सुटली. पुन्हा धरली, पुन्हा सुटली. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आपल्या मर्जीनं वाकून बसलं होतं, जणू ती दोघं त्याची नव्हतीच.

हाडवैद्याच्या पोरीला दुसऱ्याचा बिघडलेला सांधा दिसला की राहवत नाही. मी त्याच्यासमोर उकिडवी बसले, सुतळी हातातून घेतली आणि विचारलं, "मुंग्या कधीपासून येतात?"

त्यानं पहिल्यांदा वर बघितलं. डोळे असे, की लपवायचं काही त्यांना जमणारच नाही.

"दोन महिनं झालं," तो म्हणाला. मग हळूच — "ब्रेक मी दाबला व्हता. बोटांनी नाय दाबला."

मी पोतं बांधून दिलं आणि घराचा पत्ता सांगितला. त्यानं माझ्या पिशवीत मावतील तेवढी फुलं ओतली. दुसऱ्या दिवशी आमच्या विहारात धम्मचक्र दिनाला इतका झेंडू होता की सगळ्या बाया विचारत राहिल्या, गौतमी, मळा विकत घेतलास का? मी हसले. कशाला हसले, ते तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

*

माझे बाबा, भिमाजी, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात देवळालीच्या लष्करी दवाखान्यात वॉर्डबॉय होते. तिथं एक अमेरिकन सोल्जर पाय मोडून तीन महिने खाटेवर पडला होता. त्याच्या मुलखात तो कायरोप्रॅक्टर होता, म्हणजे औषध न देता नुसत्या हातानं मणके आणि सांधे बसवणारा. पडल्या पडल्या त्याला करमेना, म्हणून त्यानं बाबांना शिकवलं. हाडं बसवायची विद्या आमच्या घरात आज्यापासून होतीच. दोन्हींची मोट बांधून बाबांनी आपलं शास्त्र उभं केलं. दारावर पाटी 'हाडवैद्य' अशीच होती, पण बाबा खुशीत असले की म्हणत, "अपना काम कायरो है."

त्यांच्याकडे पैलवान यायचे, गोळाफेकवाले यायचे, कबड्डीच्या पोरी आणि तोफखान्यातले जवान यायचे. मनगट, कोपर, खांदा, मान. पुढं बाबांच्याच हातांना कंप सुटला. चहाची बशी वाजायला लागली तेव्हा त्यांनी मला समोर बसवलं आणि चार वर्षांत सगळं माझ्या बोटांत उतरवलं. त्यानंतर ते खाटेवर बसत आणि मी काम करत असे. हात माझे, डोकं त्यांचं.

त्यांचा एक नियम होता, आणि तो त्या सोल्जरनं घालून दिलेला होता. हाड आपलं, सांधा आपला, पण शीर आपली नाही. मनगटात शीर दबली असली तर आपण वाट मोकळी करून बघायची. आणि दर वेळी कागद लावायचा. रोग्यानं दोन बोटं सरळ ठेवून त्यांच्या बेचक्यात कागद धरायचा, आपण तो ओढायचा. कागद धरला गेला तर हात आपला. ज्या दिवशी कागद सुटेल त्या दिवशी हात डॉक्टरचा. त्याच दिवशी, दुसऱ्या दिवशी नाही. कारण शीर मेली की बोटांचं मांस वाळतं, आणि वाळलेलं मांस कुठलाच कायरो परत आणत नाही.

आमच्याकडे येणारे लोक हात देत. पाणी मात्र घेत नसत. तासभर माझ्या हातात मनगट ठेवणारी माणसं, निघताना घसा कोरडा पडला तरी कॅम्पातल्या हॉटेलापर्यंत तहान धरून नेत. कोण कुठल्या वस्तीत राहतं ते सगळ्यांना ठाऊक असतं. आम्हालाही त्याची सवय झाली होती. आई पाण्याचा तांब्या आत, दिसणार नाही असा ठेवायची, कुणाला अवघड वाटू नये म्हणून.

दसऱ्यानंतरच्या सोमवारी तो आला. मल्हारी, मखमलाबादचा, घरचा फुलांचा मळा. पहाटे सायकलवरून फुलं बाजारात टाकायची आणि मग त्याच सायकलवर चाळीस-पन्नास मैल हाणायचे, असा त्याचा दिवस. सव्वीस जानेवारीला नाशिक ते चांदवड आणि परत अशी जिल्ह्याची शर्यत होती. पहिल्या तिघांना राज्याच्या संघाच्या सरावाला नेणार होते, आणि तिथून खेळाडू म्हणून नोकरीची वाट होती. हे सगळं त्यानं बाबांना सांगितलं. मग घाम पुसला, माझ्याकडे वळला आणि म्हणाला,

"पाणी मिळंल का?"

आई दारात थबकली. बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी आत गेले, तांब्या उचलला आणि उगाचच दोनदा विसळला. त्यानं तांब्या डाव्या हातात घेतला, आणि वरून न ओतता, ओठ लावून, डोळे मिटून प्यायला. उन्हातून आलेला माणूस पाणी पितो, त्यात विशेष काय? काही नाही. पण त्या दिवशी मला तांब्याभर पाण्याचं इतकं कौतुक वाटलं की मी दिवसभर कामात चुका करत राहिले.

*

मी त्याला पहिली अट घातली ती बसनं यायची. हँडलवर तळहाताची कड दाबून धरून धरूनच त्याची शीर चेंगरली होती. मखमलाबादहून इथवर सायकल हाणत यायचं आणि मग मला मनगट दाखवायचं, म्हणजे एका हातानं घर बांधायचं आणि दुसऱ्यानं पाडायचं. आलात त्याचा पुरावा म्हणून तिकीट दाखवायचं, असंही मी बजावलं. त्यानं मान डोलावली, पण मान डोलावण्यात थोडी थट्टा होती.

तेच तिकीट आमचा कागद झालं.

गरम तेल, मग मनगटाच्या आठ बारीक हाडांवरून अंगठा फिरवत जायचं, कुठं अडलंय ते चाचपायचं, आणि त्यानं बोलण्याच्या नादात हात सैल सोडला की एक झटका. कट् असा आवाज व्हायचा. त्याला बोलतं ठेवणं हा उपचाराचाच भाग होता, असं मी स्वतःला सांगत असे. अनोळखी पुरुषाचा हात अर्धा तास हातात धरून बसायची मुभा त्या गावात कुठल्याच तरुण मुलीला नव्हती. मला होती. बाबा समोर, आई आत, दार उघडं, आणि तरी कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. मलाही आजवर वाटलं नव्हतं.

मग करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाच्या बेचक्यात तिकीट.

"सोडू नका," मी म्हणायचे.

"मी कुठं सोडतोय? वढताय तुमी."

"ओढणारच. माझं कामच ते आहे."

"आन माझं धरायचं."

खाटेवरून बाबा विचारत, "कागद?" त्यांना तिथून बोटं नीट दिसत नसत. मी म्हणायचे, "धरला." मग ते समाधानानं बिडी पेटवत.

सगळे रोगी मला ताई म्हणत. पन्नाशीचे पैलवानसुद्धा. हा काहीच म्हणत नसे. हाक मारायची वेळ आली की नुसता घसा खाकरायचा. एकदा आईनं विचारलं, ह्याला बोलायला काय होतं? मी म्हटलं, होत असेल काहीतरी. आणि तेलाची वाटी घ्यायला उठले, जी माझ्या हातातच होती.

तो खरंच बरा होऊ लागला होता. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण पुढचं ऐकून कुणाला वाटेल की आमची विद्याच खोटी. तसं नव्हतं. मी त्याच्या हँडलला जुनी ट्यूब आणि कापूस गुंडाळायला लावला, हँडल चार बोटं उंच करायला लावलं, फुलांचं ओझं कमी करायला लावलं. पाचव्या सोमवारी मुंग्या थांबल्या. तिकीट ओढता ओढता फाटलं, अर्धं माझ्या हातात, अर्धं त्याच्या. आम्ही दोघं त्या तुकड्यांकडे बघत बसलो आणि मग एकदमच हसलो. जाताना त्यानं खिशातून कागदात गुंडाळलेलं गुलाबाचं फूल काढलं आणि तेलाच्या वाटीशेजारी ठेवलं. म्हणाला, "मळ्यातलं पयलं. थंडी पडली ना."

फक्त एवढंच. पण मी ते फूल पुस्तकात ठेवलं नाही, उशाशी ठेवलं, चार दिवसांत त्याच्या पाकळ्या झडून गेल्या आणि तरी टाकलं नाही.

*

डिसेंबरात त्याचा सराव वाढला. मी नको म्हणत होते. तो हसून टाळत होता. शर्यत दीड महिन्यावर आली होती, आणि घरात सगळे त्या नोकरीकडे डोळे लावून बसले होते. त्याची आई, मालनबाई, वणीच्या देवीला नवस बोलून बसली होती.

आठव्या सोमवारी तो आला तेव्हा बाहेर बोचरं वारं होतं आणि त्याचे हात गार होते. मी तेल जरा जास्तच तापवलं. मनगट चाचपताना काही वेगळं लागलं नाही. मग मी बोटांत तिकीट ठेवलं आणि म्हटलं, "सोडू नका."

मी ओढलं. खरं म्हणजे ओढलंही नाही, नुसतं धरलं. तिकीट माझ्या हातात आलं, लोण्यातून केस निघावा तसं.

त्यानं माझ्याकडे बघितलं. "सुटलं?"

आता हे नीट सांगायला हवं. त्या क्षणी मला नियम आठवला नाही असं नाही. तो पूर्ण आठवला, बाबांच्या आवाजात. आणि त्याच्या मागोमाग बाकीचंही दिसलं. आज डॉक्टरकडे पाठवलं की ऑपरेशन नाहीतर प्लास्टर, दोन महिने सायकल बंद, शर्यत गेली. तो डॉक्टरचा रोगी होईल. आमच्या दारात यायचं त्याला कारण उरणार नाही. मखमलाबादचा माळ्याचा पोरगा कारणाशिवाय देवळालीच्या आमच्या वस्तीत कशाला येईल? पुढचा सोमवार आला की मी कुणासाठी तेल तापवणार?

"मी जोरात ओढलं," मी म्हटलं. "हात गार आहेत तुमचे, म्हणून."

त्यानं ऐकलं. त्याचा माझ्यावर किती विश्वास होता, ते मला त्याच्या खांद्यांवरून कळलं. ताणलेले होते, ते खाली आले.

"कागद?" बाबांनी विचारलं.

"धरला."

पुढं कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत राहिले की मी ते त्याच्या शर्यतीसाठी केलं. खोटं आहे. मी ते सोमवारांसाठी केलं.

त्यानंतरचे सगळे सोमवार चांगले गेले. हेच वाईट आहे. आम्ही कधी नव्हे इतकं बोललो. एकदा त्यानं मळ्यातल्या विहिरीजवळच्या पारिजातकाचं वर्णन केलं आणि मग घसा खाकरून म्हणाला, एखाद दिवशी बघायला यायला काय हरकत हाय? मी म्हटलं, हाडवैद्यानं झाड बघून काय करायचं? तो म्हणाला, मोडलंय का ते बघायचं. मी हसत होते, आणि माझा अंगठा त्याच्या अंगठ्याशेजारच्या उंचवट्यावरून फिरत होता. ते मांस दर सोमवारी थोडं कमी लागत होतं. कागद मी आता अंगठ्याच्या बाजूच्या बोटांत लावत असे, जिथं तो अजून धरला जाई. म्हणजे मी बाबांना खोटंही बोलत नव्हते. इतकी मी हुशार झाले होते.

*

सव्वीस जानेवारीला तो चांदवडपर्यंत तिसरा होता. परतीच्या वाटेवर उतार लागला, आणि वळणावर कांद्यानं भरलेली बैलगाडी आडवी आली. त्यानं ब्रेक दाबला. बोटांनी दाबला नाही. गाडीला धडकण्यापेक्षा त्यानं सायकल रस्त्याच्या कडेला टाकलेल्या कांद्याच्या ढिगात घातली. झेंडूत सुरू झालं होतं, कांद्यात संपलं.

खरचटण्यापलीकडे त्याला लागलं नाही. पण दवाखान्यात पट्टी बांधताना डॉक्टरांनी त्याचा उजवा हात उलटा करून उजेडात धरला. अंगठा आणि पहिल्या बोटामध्ये खड्डा पडला होता. त्यांनी ऑपरेशन करून शीर मोकळी केली, पण स्पष्ट सांगितलं की उशीर झालाय. दीड-दोन महिने आधी आणलं असतं तर हात वाचला असता. आता ती दोन बोटं अशीच वाकडी राहणार, मुठीत जोर यायचा नाही. सायकलची शर्यत विसरा.

हे सगळं मला मालनबाईंकडून कळलं. फेब्रुवारीत त्या स्वतः आमच्या दारात आल्या, डोक्यावर गुलाबांची टोपली घेऊन. मी त्यांना ओळखत नव्हते, पण डोळे बघून ओळखलं. त्या ओट्यावर न बसता आत येऊन बसल्या.

म्हणाल्या, "डॉक्टर लय तापला व्हता. इतके दिवस कुणाकडं जात व्हता म्हणून. तर पोरगं म्हणालं, त्यांचा काय दोष नाय. त्यांनी मला डिसेंबरातच दवाखान्यात जायला सांगितलं, दोनदा सांगितलं, मीच ऐकलं नाय."

बाबांची मान ताठ झाली. ते म्हणाले की माझी पोरगी कागद सुटला की एक दिवस ठेवून घेत नाही, ते मला माहीत आहे. असं म्हणून त्यांनी माझ्याकडे बघितलं, कौतुकानं. मी टोपलीतल्या गुलाबांकडे बघत होते.

मालनबाईंनी पाणी मागितलं. आईच्या हातातला तांब्या घेतला आणि प्यायल्या. मग पदरानं तोंड पुसून म्हणाल्या की पोरगं हाय खाऊन बसलंय, कुणाशी बोलत नाही, फक्त सोमवार आला की अंघोळ करून कपडे घालतं आणि मग कुठं जायचं नाही म्हणून परत बसतं. "भावकी काय म्हणंल ते म्हणंल. माझं न् त्याच्या बापाचं काय म्हणणं नाय. तुमचं काय ते बघा."

आईच्या डोळ्यांत पाणी आलं. असा दिवस आपल्या घरात येईल असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं. मलाही नाही. जे मी मनातसुद्धा पूर्ण वाक्यात मागितलं नव्हतं, ते एक बाई टोपलीत घालून दारात घेऊन आली होती. मला फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसायची मला सवयही झाली होती.

मी म्हटलं, सोमवारी त्यांना पाठवा.

*

तो बसनं आला. उजवा हात शर्टाच्या खिशाशी धरलेला, जरा लपवल्यासारखा. अंगानं वाळला होता. पण मला बघून हसला, आणि नेहमीच्या पाटावर बसून डाव्या हातानं तिकीट काढून माझ्यासमोर ठेवलं. म्हणाला, सवय.

बाबा खाटेवर होते. त्यांनीही ऐकावं असं मी आधीच ठरवलं होतं. दोघांना दोनदा सांगायची माझ्यात ताकद नव्हती.

"मी तुम्हाला दवाखान्यात जायला कधीच सांगितलं नाही," मी म्हटलं.

"जाऊ द्या ना. डॉक्टरला काय, कायतरी सांगायचं…"

"तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात. पण तुम्हाला सगळं माहीत नाही. कागद सुटला होता. आठव्या सोमवारी. मी जोरात ओढला नव्हता. मी ओढलाच नव्हता."

खाटेवर बाबांची बिडी थांबली.

तो डाव्या हाताच्या बोटांवर मोजायला लागला, डिसेंबर, जानेवारी. मोजून झाल्यावर म्हणाला, "मंजी सात सोमवार."

"हो."

"तुमाला म्हाईत व्हतं."

"हो."

"का?"

मी किती वाक्यं तयार केली होती. शर्यत, नोकरी, तुमची आई, नवस. त्या डोळ्यांसमोर त्यातलं एकही निघेना.

"तुम्ही आला नसता," मी म्हटलं. "हात डॉक्टरकडे गेला असता तर तुम्हाला इथं यायचं काही कारण राहिलं नसतं. मला ते… मला ते सहन झालं नसतं. माझं तुमच्यावर प्रेम होतं. आहे."

हे शब्द कुणी आपल्याला आयुष्यात एकदा म्हणावेत असं प्रत्येक मुलीला वाटतं. मी ते म्हटले, आणि ते गुन्हा कबूल केल्यासारखे खाली पडले. गुन्हाच होता.

त्यानं माझ्यासमोरचं तिकीट उचललं. उजवा हात खिशापासून सोडवून पुढं आणला आणि त्या दोन बोटांच्या बेचक्यात तिकीट स्वतःच खोचलं. माझा हात आपोआप पुढं गेला. तो म्हणाला, "वढू नका." आम्ही दोघं बघत राहिलो. तिकीट जरा थांबलं आणि मग आपल्याआपण खाली पडलं.

"मी तसाबी आलो असतो," तो म्हणाला.

मला आधी कळलंच नाही.

"हात बरा झाला असता तरी आलो असतो. डॉक्टरकडं गेला असता तरी आलो असतो. दर सोमवारी, बसनं. एवढं बी कळलं नाय तुमाला? हाताची शीर न् शीर कळती."

तो चिडला नाही. चिडला असता तर मी आज वेगळी असते. त्याचा आवाज फक्त थकला होता.

मी विचारलं, आता नाही येणार? त्यानं त्या हाताकडे बघितलं, मग माझ्या हातांकडे.

"राग नाय," तो म्हणाला. "पर तुमच्या हातात हात द्यायचा म्हटलं तर आता भ्या वाटंल मला. तसं घर कसं व्हनार?"

उठला. दाराशी गेला आणि थांबला. मला वाटलं, वळेल. तो वळला आणि पाणी मागितलं. मी आणून दिलं. तो पहिल्या दिवसासारखाच प्यायला, ओठ लावून, सगळं. तांब्या माझ्या हातात देताना त्याची बोटं माझ्या बोटांना लागली. मग तो गेला.

बाबा तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी एक पैलवान मनगट घेऊन आला तेव्हा म्हणाले, "यापुढं कागद माझ्या डोळ्यांसमोर धरायचा." खाट त्यांनी स्वतः ओढून पाटाशेजारी आणली. आणि बऱ्याच वेळानं, दुसरीकडे बघत — विचारलं कुणी नव्हतं तुला, तरी सांगितलंस, एवढं आहे.

*

बाबांना जाऊन तीन वर्षं झाली. खाट अजून पाटाशेजारीच आहे.

मल्हारी बाजारात फुलांच्या दुकानात बसतो, असं कळतं. तीन बोटांनी हार गुंफतो आणि पोरासोरांना सायकल शिकवतो. लग्न झालं, दोन मुली आहेत. तेल आणायला मी आता दुसऱ्या गल्लीनं जाते. माझं लग्न झालं नाही. त्याला कारण तो एकटाच नव्हता, पण तोही होता.

मागच्या सोमवारी पंचवटीतली एक कॉलेजची मुलगी आली. सायकलच्या शर्यतीत उतरते म्हणाली. करंगळी बधिर, शेजारचं बोटही. मी तिच्या बेचक्यात कागद ठेवला आणि ओढला. सुटला. मी तेलाची वाटी बाजूला सारली आणि सांगितलं की इथं माझं काम नाही, आजच्या आज डॉक्टरकडे जायचं, चिठ्ठी देते. मला वाटलं, हिरमुसेल. इतक्या लांबून आली होती. पण ती शांतपणे मान हलवत होती.

"ते म्हणालेच होते," ती म्हणाली. "आमचे सायकलवाले सर. फुलांचं दुकान आहे त्यांचं. म्हणाले, दवाखान्याच्या आधी देवळालीच्या ताईंना हात दाखव. त्या खरं सांगतात. स्वतःचं नुकसान झालं तरी सांगतात."

चिठ्ठी लिहिता लिहिता माझा हात थांबला. मग मी कशीबशी सही केली. मुलगी उठली, चिठ्ठी वहीत ठेवली, आणि दाराशी जाऊन घुटमळली.

"अजून एक सांगितलं होतं त्यांनी," ती जरा लाजून म्हणाली. "तिथं गेलीस की निघताना पाणी मागून पी."

मी आत गेले. तांब्या उचलला, आणि उगाचच दोनदा विसळला.